पहिल्या नाईटला सोबत कोण?

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभागात भरतीचे, प्रशिक्षणाचे आणि नेमणुकीचे आदेश काढणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, आहे. १९८९ साली अधिपरिचारिका म्हणून रुजू झाले आणि २०२३ मध्ये सेवानिवृत्त झाले. मधली चौतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयांत आणि काही काळ एका जिल्हा रुग्णालयात गेली, त्यातली बहुतेक लेबर रूममध्ये. सेवेत असताना वरिष्ठांना लिहायचं तर योग्य मार्गानेच लिहावं लागतं. आता ते बंधन राहिलं नाही, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. नव्याने रुजू होणारी परिचारिका असो, आरोग्यसेविका असो, समुदाय आरोग्य अधिकारी असो की बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, आलेला डॉक्टर असो, त्याच्या नेमणुकीच्या आदेशातच पहिल्या सहा महिन्यांसाठी एका अनुभवी माणसाचं नाव लिहा. त्या अनुभवी माणसाला या कामासाठी ड्युटी लिस्टमध्ये वेळ द्या. आणि त्या दोघांमध्ये जे बोलणं होईल ते गोपनीय अहवालापासून लांब ठेवा.

माझी पहिली नाईट मला अजून लख्ख आठवते. तालुक्याचं तीस खाटांचं रुग्णालय. अडीचच्या सुमारास एका पहिलटकरणीची सुटका झाली. बाळ रडलं, वार पडली, मी गर्भाशय आवळण्यासाठी मेथर्जिनचं इंजेक्शन दिलं आणि सगळं पार पडलं असं समजून बाळाकडे वळले. सोबतच्या मोठ्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि बाळंतिणीच्या बेंबीपाशी पोटावर ठेवला. “काय लागतंय?” मला काहीच कळेना. पोट लागतंय, म्हणाले. “नीट बघ. सैल कणकेसारखं लागतंय ना? चोळ आता.” मी चोळत राहिले. थोड्या वेळाने हाताखालचा गोळा आवळून घट्ट झाला. हात धुऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “आता आपल्या कपाळाला हात लावून बघ. पिशवी अशी लागली पाहिजे. अशी लागली की मग बाळाकडे बघायचं.” मग विचारलं, “हिला लघवी कधी झाली होती?” ते मी विचारलंच नव्हतं. मूत्राशय भरलेलं असलं तर गर्भाशय नीट आवळत नाही, हे मला ठाऊक होतं. परीक्षेच्या पेपरात मी ते लिहिलंही होतं. पण त्या रात्री, त्या खोलीत, ते आठवलं नाही.

पुढचे सहा-सात महिने मी त्यांच्या हाताखाली शिकले. असा आदेश कुणी काढला नव्हता. त्यांनी आपल्या मनाने माझ्या नाईट स्वतःसोबत लावून घेतल्या होत्या. बीपी खाली येण्याआधी नाडी धावू लागते, म्हणून बोटं मनगटावर ठेवायची आणि मग यंत्र गुंडाळायचं. रक्त नुसतं डोळ्यांनी मोजायचं नाही, पाठीखालचं कापड उचलून हातात तोलून बघायचं, कारण अर्धं रक्त तिथेच मुरलेलं असतं. रेफर करावं लागेल अशी शंका आली की चिठ्ठी तेव्हाच लिहायला घ्यायची, बाईची तब्येत ढासळेपर्यंत थांबायचं नाही. आणि मेलेलं बाळ आईच्या हातात कसं द्यायचं, तेही त्यांनीच शिकवलं. चेहरा पुसायचा, टोपडं घालायचं, जिवंत बाळ देतात तसंच दोन्ही हातांनी द्यायचं, आणि लगेच वळून जायचं नाही. थांबायचं. माझ्या अभ्यासक्रमात यावर एकही तास झाला नव्हता. त्यांच्या मागे उभं राहून मी ते पाहिलं, आणि पुढे तीस वर्षं तसंच करत आले.

या सगळ्याला आता मेंटॉरिंग म्हणतात. शब्द कोणताही वापरा, माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मला ते मिळालं ते निव्वळ नशिबाने. त्या सिस्टरांच्या जागी दुसरं कुणी असतं तर मिळालं नसतं. बाळंतिणीचा जीव अशा नशिबावर सोडून चालणार नाही.

आता दुसरी रात्र सांगते. ती सांगणं मला जड जातं.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. आमच्याकडे एक तेवीस वर्षांची मुलगी कंत्राटी पदावर आली. हुशार होती, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, चांगले गुण होते, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रंही होती. दोन जणी दीर्घ रजेवर होत्या, एकीची प्रतिनियुक्ती दुसरीकडे झाली होती. रुजू झाल्यापासून तिसऱ्या रात्री ती लेबर रूममध्ये एकटी होती, मदतीला फक्त एक मावशी. ड्युटी लिस्ट मी केली होती. खाली सही माझी आहे.

त्या रात्री प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला. मुलीने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं होतं. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनची दहा युनिट दिली, वेळ रजिस्टरमध्ये लिहिली. फक्त रक्त जास्त जातंय हे तिला वेळेत उमगलं नाही, कारण समोर फार दिसत नव्हतं. ते कापडात आणि मॅकिंटॉशखाली, म्हणजे खाटेवरच्या रबरी चादरीखाली, जात होतं. आणि शंका आली तेव्हाही डॉक्टरांना उठवावं की नाही, या विचारात तिची वीस-पंचवीस मिनिटं गेली. आदल्याच रात्री उगाच उठवलं म्हणून ती बोलणी खाऊन बसली होती. शेवटी १०८ची रुग्णवाहिका आली, बाई जिल्ह्याला पोचली, रक्त मिळालं आणि ती वाचली.

त्यानंतर काय झालं? मुलीकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो लिहिताना ती माझ्या टेबलाशी बसून रडत होती. ‘काय चुकलं’ हे तिला सगळ्यांनी विचारलं. ‘तुझ्यासोबत कोण होतं’ हे कागदावर कुणी विचारलं नाही. चार महिन्यांत तिने नोकरी सोडली. एक चांगली परिचारिका आपण गमावली. यातला माझा वाटा मी नाकारत नाही. त्या रात्री दुसरी कुणी नव्हती हे खरं, पण मी स्वतः थांबू शकले असते. निदान माझा नंबर भिंतीवर लावून तिला सांगू शकले असते, की कितीही वाजता कर, काहीही विचार, मी रागावणार नाही.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात उपचार मिळाले नाहीत तर बाई दोन तासांतही दगावू शकते. आपल्या राज्यात २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता, त्यामुळे आपल्याला समाधान वाटतं, आणि त्यात विभागातल्या हजारो जणींची मेहनत आहे. पण त्याच वर्षांत केरळचा आकडा १९ होता. ३३ वरून १९ कडे जायचं तर नुसती नवी इमारत किंवा नवं रजिस्टर पुरणार नाही. तिथे हाताला कळावं लागतं, आणि हाताला कळायचं तर शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं.

तुम्ही म्हणाल, प्रशिक्षणं तर होतातच. होतात, आणि मी त्यांतून खूप शिकले. नवजात बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, हे मला प्रशिक्षणातल्या बाहुलीनेच शिकवलं. पण प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी, दिवसा, पंख्याखाली होतं. परतल्यावर ती परिचारिका रात्री अडीच वाजता एकटीच असते. शिकलेलं आणि करायचं यांच्यामध्ये जे अंतर पडतं, तिथे आपण कुणालाच उभं केलेलं नाही.

पर्यवेक्षण होतं, असंही तुम्ही म्हणाल. ते मी स्वतः वर्षानुवर्षं केलं आहे, म्हणून सांगते. तपासणीला कुणी आलं की परिचारिका रजिस्टर पुढे करते. अडचण पुढे करत नाही. ‘मला पार्टोग्राफ (कळांची आणि प्रसूतीच्या प्रगतीची वेळोवेळी नोंद करायचा तक्ता) भरता येत नाही’ हे ती अशा माणसाला कसं सांगेल, ज्याच्या हातात तिचा गोपनीय अहवाल आहे किंवा कंत्राटाचं नूतनीकरण आहे? मग पार्टोग्राफ प्रसूती झाल्यावर, एकदम, सुबक रेषेत भरला जातो. आपण सगळ्यांनी तो पाहिलेला आहे. मार्गदर्शन करणारी आणि शेरा मारणारी व्यक्ती वेगळी असावी असं मी म्हणते ते यासाठी.

मी नवीन काही मागत नाही. आपल्याच राज्यात हे करून दाखवलेलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ज्या गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, त्यांच्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना एकदा शिकवून गावी धाडून दिलं असतं तर काम महिन्याभरात बंद पडलं असतं. त्या जामखेडला पुन्हा पुन्हा येत राहिल्या. गावात काय घडलं, कुठे अडलं ते एकमेकींना सांगायच्या, आणि पुढचं शिकून परत जायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांकडून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हा आकडा आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात जाऊन त्या आरोग्यदूताचं काम बघायचे, जागेवर दुरुस्त करायचे, हा भाग मात्र सांगायचा राहून जातो.

पुढे आशाताईंमार्फत घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर पोचला. आशांना आधार म्हणून गटप्रवर्तक आल्या. एका गटप्रवर्तकेकडे साधारण वीस-पंचवीस आशा. गटप्रवर्तक ही खरं तर आपल्याकडची सगळ्यात जवळची मार्गदर्शक. आज तिचा दिवस कशात जातो ते एकदा तिच्या मागे फिरून पाहा. अहवाल गोळा करण्यात, ते एकत्र करण्यात आणि मोबाइलवर भरण्यात जातो. आशाताईसोबत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करताना तिचा हात बघायला, झोळीचा काटा शून्यावर आहे का ते दाखवायला तिच्याकडे वेळ उरत नाही.

अक्कलकोट ओलांडलं की कलबुर्गी जिल्हा लागतो. तिथल्या आणि बल्लारीच्या १०८ प्राथमिक आरोग्य केंद्रांत साधारण २०१२-१३ मध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांना अनुभवी परिचारिका मेंटॉर म्हणून दिल्या. त्या केंद्रात जायच्या, तिथल्या सिस्टरांसोबत काम करायच्या, औषधांचं कपाट उघडून काय संपलंय ते बघायच्या. जिथे त्या गेल्या तिथे परिचारिकांचं ज्ञान आणि प्रसूतीच्या वेळचं प्रत्यक्ष काम, दोन्ही सुधारलेलं दिसलं. बिहारमध्येही परिचारिका-मेंटॉर जोडीने आरोग्य केंद्रांत जाऊन आठवडाभर राहायच्या आणि असं कित्येक महिने चालायचं. रक्तस्राव सुरू झाला आहे असं समजून सगळा चमू तालीम करायचा. कोण हाक मारणार, कोण सुई लावणार, कोण फोन करणार, हे आधी ठरलेलं. आमच्याकडच्या त्या मुलीने अशी एक तालीम केली असती तर ती वीस मिनिटं वाया गेली नसती, असं मला आजही वाटतं.

डॉक्टरांबद्दल मी जास्त बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण बंधपत्रावर आलेली कितीतरी मुलं मी पाहिली. कॉलेजात एका खाटेभोवती प्राध्यापक, रजिस्ट्रार, हाउसमन असे पाच जण असायचे, आणि इथे सर्पदंशाचा पहिला रुग्ण येतो तेव्हा तो पोरगा एकटा असतो. सर्पदंशाच्या लसीची रिअ‍ॅक्शन येईल या भीतीने त्याचा हात थरथरतो. बाहेर पन्नास माणसं जमलेली असतात. त्याला त्या क्षणी ग्रंथ नको असतो. “मी फोनवर आहे, पहिली बाटली सुरू कर, मी सांगतो तसं बघत राहा,” असं म्हणणारा एक ज्येष्ठ डॉक्टर हवा असतो. उपकेंद्रावर एकट्या बसणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचंही तेच.

मार्गदर्शकाचं आणखी एक काम असतं. पुढचं दार उघडून देणं. रखमाबाईंचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. लहानपणी लागलेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली ही मुलगी डॉक्टर झाली, त्यामागे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची होत्या. स्वतः पीचींना एडिंबरोमध्ये बाई म्हणून वैद्यक शिकण्यासाठी झगडावं लागलं होतं. त्यांनी रखमाबाईंच्या पाठीशी उभं राहून त्यांचा लंडनचा रस्ता मोकळा केला. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतला कित्येक वर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. आज एखाद्या दुर्गम उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकेला ‘तू पुढे शीक, मिडवायफरीचा अर्ज भर, मी तुला मदत करते’ असं कोण म्हणतं? म्हणणारं कुणी असेल तर ती सेवेत टिकते.

मला तुमची अडचण कळते. पदंच रिक्त आहेत, ज्येष्ठ परिचारिका आहेत त्याच पुरत नाहीत, तर सोबतीला कुणाला ठेवायचं? मी ड्युटी लिस्ट केलेली बाई आहे, मला ही अडचण हवेतली वाटत नाही. आणि मेंटॉर दिल्याने रिक्त पदं भरत नाहीत, रक्तपेढी जवळ येत नाही, हेही मला माहीत आहे. तरी दोन गोष्टी सांगते. नवी मुलगी सहा महिन्यांत सोडून जाते तेव्हा तिच्या भरतीचा आणि प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो आणि जागा पुन्हा रिकामी होते. तिला टिकवणं हाही रिक्त पदांवरचाच उपाय आहे. दुसरं, राज्यात माझ्यासारख्या निवृत्त परिसेविका, अधिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका तालुक्यातालुक्यांत आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी आम्हाला नारळ-शाल देऊन घरी पाठवलं जातं. गुडघे दुखतात हे खरं, पण हाताला कळायचं थांबलेलं नाही. महिन्यातले आठ दिवस, येण्या-जाण्याचा खर्च आणि वाजवी मानधन एवढ्यावर यातल्या पुष्कळ जणी येतील. फुकट मात्र मागू नका. जे काम फुकट करून घेतलं जातं ते पहिल्या टंचाईला बंद पडतं.

निवड करताना केवळ सेवाज्येष्ठता पाहू नका, ही आणखी एक विनंती. जिच्या वॉर्डात नव्या मुली टिकतात, तिला निवडा. कोण ते सगळ्यांना माहीत असतं. मावशींना विचारा, त्या अचूक सांगतील.

हे पत्र विभागाला असलं तरी इथे माझ्या बरोबरीच्या सिस्टरांशी थोडं बोलायचं आहे. आपल्यातल्या किती जणींनी नव्या मुलीला पेशंटसमोर झापलं आहे? मी झापलं आहे. ‘आम्हीही असंच शिकलो’ म्हणत आपण ते योग्यही ठरवलं. पण मी पाहिलं आहे की ओरडणं जिथल्या तिथे राहत नाही. सिस्टर मुलीवर ओरडतात, मुलगी मावशीवर ओरडते आणि शेवटी टेबलावर कळा देणाऱ्या बाईवर सगळ्याच ओरडतात. तिच्या मांडीवर चापट मारली जाते. ती बाई पुढच्या खेपेला दवाखान्यात यायला कचरते. लेबर रूममध्ये बाईशी नीट बोला असं शिकवायचं असेल तर आधी त्या खोलीतल्या धाकट्या मुलीशी नीट बोलावं लागेल.

आणि धाकटीकडून शिकायचीही तयारी हवी. मी वर्षानुवर्षं प्रत्येक पहिलटकरणीला, बाळाची वाट मोठी करायला, योनीमुखाशी छेद दिला. तसंच शिकवलं होतं. मिडवायफरी शिकून आलेल्या एका मुलीने मला अगदी हळू आवाजात विचारलं, “मॅडम, हिला कट का द्यायचा?” आधी मला राग आला. मग तिने सांगितलं, की सरसकट छेद देऊ नये असंच आता जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या दिवशी ती बाई छेदाशिवाय बाळंत झाली आणि टाका पडला नाही. नाळ लगेच न बांधता मिनिटभर तरी थांबायचं, हेही मी नव्या मुलींकडून उचललं. त्या विचारू शकल्या, कारण आमच्यात विचारण्याइतका मोकळेपणा होता. तो नसता तर मी निवृत्त होईपर्यंत कात्री चालवत राहिले असते.

तेव्हा साहेब, मॅडम, पुढची भरती होईल आणि नेमणुकीचे आदेश टाइप होतील, तेव्हा त्यांत एक ओळ वाढवा: ‘पहिले सहा महिने यांच्या हाताखाली’, आणि त्यापुढे एक नाव आणि एक मोबाइल नंबर. पहिल्या महिन्यात नाईटला एकटं ठेवू नये, हेही त्याच आदेशात असू द्या, म्हणजे ड्युटी लिस्ट करणाऱ्या बाईला ‘नाही’ म्हणायला कागदाचा आधार मिळेल. माझ्याकडे तो नव्हता.

माझ्या तालुक्यातल्या कुणा मुलीच्या आदेशात नाव लिहायला माणूस मिळाला नाही, तर माझं लिहा. मला नाईटही चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका